वैमानिक जहांगीरजी टाटा

विद्यार्थिमित्रहो, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातील युरोप खंडाचा नकाशा क्षणभर उघडा, आणि पॅरिस व लंडन ह्या दोन राजधान्यांमधील अंतर पट्टीने मोजा. नकाशाचे प्रमाण ध्यानी घेऊन हिशेब केल्यास ह्या दोन नगरांच्या मोठ्या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ३५० किलोमीटर भरेल. आता महाराष्ट्राचा नकाशा घ्या, व मुंबईच्या विमानतळापासून आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपीच्या विमानतळापर्यंतचे अंतर त्याच रीतीने मोजा. तेही जवळजवळ तितकेच भरेल. कर्ली नदीच्या पलीकडे, परुळ्याजवळच्या कातळी सड्यावर बांधलेला हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी खुला झाला, व त्या दिवशी मुंबईहून आलेले प्रवासी विमान तेथे उतरले. युरोपातील दोन थोर राष्ट्रांच्या राजधान्या एकमेकींपासून जितक्या दूर, तितकाच आपला मालवणचा किनारा मुंबईपासून दूर आहे, हे पाहून आमच्या मुलांस मोठी मौज वाटली.

परंतु अंतर सारखे असले म्हणून वाटही सारखी असते असे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मालवणाहून मुंबईस जावयाचे म्हणजे आगबोटीची वाट पाहणे आले. बोट खोल पाण्यात उभी राही. ट्रंका, वळकट्या व फणसांसुद्धा पडावात बसून तिच्यापर्यंत जावे लागे. आणि पावसाळा लागला की ती वाटही बंद होई. मुंबईस गिरणीत किंवा गोदीत कामाला गेलेल्या मुलाची आई किनाऱ्याकडे डोळे लावून बसे, तेव्हा मुंबई किती मैलांवर आहे हे ती कोणास विचारीत नसे. मुलगा कोणत्या दिवशी येईल, व त्या दिवशी खात्रीने येईल ना, एवढेच ती विचारी. अंतराचा खरा हिशेब तिच्या ह्या प्रश्नात आहे असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात ह्या प्रश्नाचे उत्तर आकाशमार्गाने देण्यास ज्यांनी आरंभ केला, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ह्यांचे चरित्र आम्ही यंदा विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. थोर कारखानदार म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. तथापि ह्या लेखात आम्हांस मुख्यतः वैमानिक जहांगीरजींविषयी सांगावयाचे आहे.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे सुप्रसिद्ध जमशेटजी टाटांचे आप्त व व्यापारातील भागीदार; आई सुझान ही फ्रेंच कुलातील असून विवाहानंतर तिचे नाव सूनी असे ठेविले होते. पाच भावंडांत जहांगीरजी दुसरे. वडिलांच्या व्यापारामुळे ह्या कुटुंबाचे बिऱ्हाड एके ठिकाणी फार दिवस टिकत नसे. मुलाचे शिक्षण कधी पॅरिसला, कधी मुंबईला, तर काही काळ जपानातील योकोहामा येथे झाले. जहांगीरजी बोलावयास शिकले ते फ्रेंच भाषेत. हिंदुस्थानची ओळख त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने करून घेतली.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्दलो नावाचे एक लहानसे गाव आहे. उन्हाळ्यात टाटा कुटुंब तेथे राहावयास जाई. समोर समुद्र, पायांखाली लांबच लांब पुळण. आपल्या किनाऱ्यावरील मुलांस ते दृश्य परके वाटणार नाही. त्या गावी त्यांच्या शेजारी लुई ब्लेरिओ ह्या प्रख्यात वैमानिकाचे घर होते. ह्याच ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी फ्रान्समधील कॅले गावाजवळून उड्डाण करून, मधला समुद्र ओलांडून, इंग्लंडातील डोव्हरच्या किल्ल्याजवळ आपले विमान उतरविले होते. ते अंतर सुमारे ३८ किलोमीटर, म्हणजे मालवणापासून देवगडपर्यंत पक्षी सरळ उडत गेला तर जेवढे होईल जवळजवळ तेवढेच. त्यास वेळ लागला साडेछत्तीस मिनिटे. वाटेत धुक्याने दोन्ही किनारे दिसेनासे झाले, आणि त्याच्यापाशी होकायंत्रही नव्हते. युरोपातील दोन देशांमधील समुद्र विमानाने ओलांडण्याचा तो पहिलाच प्रसंग होय.

हार्दलोच्या पुळणीवर अधूनमधून विमाने उतरत. लहानगा जहांगीर ती पाहण्यास धावत जाई, आणि आपणही एके दिवशी असेच उडावयाचे असे मनाशी म्हणे. पंधराव्या वर्षी एका विमानात बसून थोडा वेळ आकाशात फिरून येण्याची संधी त्यास मिळाली, आणि मग ती इच्छा कायमची ठरली. ते साल १९१९ होते. ह्याच वर्षी २५ ऑगस्ट रोजी लंडन व पॅरिस ह्यांच्यामध्ये रोजची विमानसेवा सुरू झाली. लंडनजवळच्या हाउन्स्लो येथून निघालेले ते लहानसे विमान अडीच तासांनी पॅरिसजवळच्या ल बूर्जे येथे उतरले. ब्लेरिओच्या साहसास तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. दहा वर्षांत आकाशमार्ग नकाशावरून वेळापत्रकात आला.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक लहानसे गणित सांगितले पाहिजे. हल्लीचे जेट विमान उंच आकाशात ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते असे धरू. ३५० किलोमीटर अंतरास त्या हिशेबाने अर्धा तासही लागू नये. मग लंडन ते पॅरिस ह्या प्रवासास वेळापत्रकात सुमारे सव्वा तास का धरतात? कारण असे की, विमानास प्रथम जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जावे लागते. तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. मग उंची गाठण्यात व पुन्हा उतरण्यात वेळ जातो, आणि त्या वेळी पूर्ण वेग नसतो. वारा समोरून असला तर उशीर होतो, पाठीमागून असला तर लवकर पोहोचता येते. युरोपात वरच्या आकाशात वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून पूर्वेस जाणारे विमान थोडे लवकर पोहोचते. ह्या सर्वांचा अंदाज घेऊन वेळापत्रक करणारा जी वेळ छापतो, ती प्रवाशास दिलेले वचनच होय. अंतर हे भूगोलाचे असते. वेळ मात्र माणसाच्या शब्दावर अवलंबून राहते. जहांगीरजींच्या चरित्राचे मर्म आम्हांस ह्या ठिकाणी सापडते.

इ. स. १९२३ मध्ये त्यांची आई वारली. पुढे फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे त्यांनी एक वर्ष फ्रेंच सैन्यात काढले. त्यानंतर इंग्लंडात केंब्रिज येथे शिकावयास जावे अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु वडिलांनी त्यांस मुंबईस बोलावून घेतले व १९२५ साली बिनपगारी उमेदवार म्हणून आपल्या कचेरीत बसविले. दुसऱ्याच वर्षी वडीलही निवर्तले. बाविसाव्या वर्षी तरुण जहांगीरजींवर घराचा व व्यापाराचा भार पडला. विश्वविद्यालयाची पदवी त्यांस कधीच मिळाली नाही, व ह्याची रुखरुख त्यांस पुष्कळ वर्षे होती. परंतु रुखरुखत बसण्याऐवजी त्यांनी रात्री जागून पुस्तके वाचली, आणि राहिलेले शिक्षण आपले आपणच पुरे केले. परीक्षेत अपयश आलेल्या आमच्या वाचकांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

मुंबईस विमान चालविण्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू होताच जहांगीरजी तेथे दाखल झाले. शिक्षकाबरोबर अवघे पावणेचार तास उड्डाण केल्यावर त्यांस एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस वैमानिकाचा परवाना देण्यात आला. हिंदुस्थानात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता. त्याच वर्षी त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व सोडले.

ह्यानंतर जो प्रसंग घडला तो ह्या चरित्राचा गाभा आहे असे आम्ही समजतो. आगाखान ह्यांनी एक बक्षीस जाहीर केले होते. इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील प्रवास जो हिंदी मनुष्य प्रथम एकट्याने, एका महिन्याच्या आत, विमानाने पुरा करील त्यास ५०० पौंड मिळावयाचे होते. १९३० च्या मे महिन्यात जहांगीरजी आपले लहानसे विमान घेऊन कराचीहून पश्चिमेकडे निघाले. त्याच सुमारास अस्पी इंजिनिअर नावाचा एक सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडाहून पूर्वेकडे निघाला होता. मिसर देशात अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथे विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पी तेथे अडकून पडला होता, कारण त्याच्या यंत्रातील ठिणगी पाडणारा प्लग निकामी झाला होता व दुसरा त्याच्यापाशी नव्हता. जहांगीरजींजवळ जादा प्लग होते.

मुलांनो, आपण येथे थोडे थांबून विचार करावा. वाळवंटात दोन प्रतिस्पर्धी भेटतात. एकाचे विमान बंद पडले आहे. दुसऱ्याने काहीच केले नाही, नुसता नमस्कार करून तो पुढे निघून गेला, तरी शर्तीच्या कोणत्याही नियमाचा भंग होणार नाही, आणि कोणी त्यास बोल लावणार नाही. आपल्या शाळेत चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत शिकविला जातो. वाटेवर जखमी पडलेल्या परक्यास पाहून दोघेजण बाजूने निघून गेले, व तिसरा थांबला, ही ती कथा. जहांगीरजी ह्या वेळी थांबले. त्यांनी आपला प्लग अस्पीस दिला. अस्पीने कृतज्ञतेने समुद्रावरून जाताना अंगात घालावयाचे आपले तरंगते जाकीट त्यांस दिले. मग दोघे दोन दिशांस उडाले. अस्पी कराचीस पोहोचला तो जहांगीरजी इंग्लंडात उतरण्यापूर्वी काही थोडे तास आधी. बक्षीस अस्पीस मिळाले.

जहांगीरजींनी ह्या पराभवाचे दुःख केले नाही. त्या विजयामुळे अस्पीस विमानदलात जाण्याचा मार्ग सुकर झाला, ह्यात त्यांस समाधान वाटे. हाच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० साली स्वतंत्र भारताच्या विमानदलाचा प्रमुख झाला. काही तासांच्या अंतराने हातचे गेलेले ते बक्षीस देशाच्या पदरी किती व्याजासह पडले, हे ह्यावरून दिसून येईल.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. त्या काळी इंग्लंडाहून विमानाने येणारे टपाल सुमारे आठवड्याने कराचीस पोहोचे, आणि तेथून पुढे आगगाडीच्या लांब वळणाने मुंबईस व मद्रासेस जाई. इंग्रजी विमानदलात पूर्वी नोकरी केलेले नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक धाडसी गृहस्थ टाटांकडे आले व म्हणाले की, कराचीच्या पुढचा हा टप्पा आपण विमानाने जोडू. टाटा मंडळीचे त्या वेळचे अध्वर्यू सर दोराबजी ह्यांनी त्यास संमती दिली. सुमारे दोन लाख रुपयांचे भांडवल, दोन लहान विमाने, व हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे, एवढ्या तयारीवर आपल्या देशातील विमानवाहतुकीचा पाया घातला गेला.

१५ ऑक्टोबर १९३२ ह्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास जहांगीरजी स्वतः टपालाची थैली घेऊन कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले. विमान पस मॉथ जातीचे, एकाच यंत्राचे. त्यात बिनतारी यंत्र नव्हते. खालून वाट दाखविणारेही कोणी नव्हते. वाटेत अहमदाबादेस ते तेल घेण्याकरिता उतरले, तेव्हा तेलाचे डबे बैलगाडीतून आणून विमानात ओतण्यात आले. दुपारी दोनाच्या आत ते मुंबईस जुहू येथे पोहोचले. तेथून व्हिन्सेंट साहेब टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासेस गेले. बैलगाडीच्या मदतीने उडालेल्या त्या विमानाची आज कोणास गंमत वाटेल. परंतु कोणत्याही मोठ्या कार्याचा आरंभ हाताशी असलेल्या साधनांनीच करावा लागतो, हे त्या बैलगाडीने शिकविले आहे.

जुहूचा तो विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलट जमीन व एक झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. पावसाळ्यात ती जमीन पाण्याखाली जाई. तेव्हा सारा संसार उचलून पुण्यास न्यावा लागे. कोकणचा पाऊस म्हणजे काय हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आगबोटी त्या दिवसांत धक्क्याला बांधून ठेवीत. टपालाचे विमान मात्र त्या पावसातही ठरलेल्या दिवशी निघे. पहिल्या वर्षात ह्या विमानांनी १,६०,००० मैलांचा प्रवास केला, १५५ उतारू नेले, आणि मंडळीस सुमारे ६०,००० रुपये नफा झाला. ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वेळ पाळण्याच्या बाबतीत ह्या चिमुकल्या मंडळीचा लौकिक सरकारी अहवालांतही वाखाणला गेला. हातात लहानसे विमान, डोक्यावर काळे ढग, आणि थैलीत कोणा अनोळखी माणसाचे पत्र. ते पत्र उद्या पोहोचले तर काय बिघडले, असे त्या वैमानिकांनी मनात आणले नाही.

१९३५ साली ह्या मंडळीने मुंबईहून गोवा व कन्नूर ह्या मार्गाने त्रिवेंद्रमपर्यंत विमान सुरू केले. ती वाट आपल्या पश्चिम किनाऱ्याची होती. जहांगीरजींच्या धडपडीचा हा धागा असा आपल्या प्रांताच्या आकाशातूनही गेलेला आहे. १९३८ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, टाटा घराण्याच्या सर्व उद्योगांचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, व ते त्यांनी पन्नासाहून अधिक वर्षे सांभाळले. त्यांच्या कारकीर्दीत १९४१ साली मुंबईस कर्करोगावरील टाटा रुग्णालय उघडले, आणि १९४५ साली डॉ. होमी भाभा ह्यांच्या पुढाकाराने मूलभूत विज्ञानाच्या संशोधनाची संस्था निघाली. दुसरे महायुद्ध चालू असता, १९४२ साली, त्यांचे सहकारी व्हिन्सेंट विमानप्रवासातच मृत्यू पावले. हा घाव जहांगीरजींस फार लागला.

देश स्वतंत्र झाला, आणि जहांगीरजींनी परदेशी जाणाऱ्या विमानांची योजना सरकारपुढे मांडली. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस नावाचे चार यंत्रांचे विमान मुंबईहून लंडनास निघाले. उतारू पस्तीस होते, व जहांगीरजी स्वतः त्यांत होते. कैरो व जिनिव्हा येथे थांबून हा सुमारे ५,००० मैलांचा, म्हणजे ८,००० किलोमीटरांचा, प्रवास सुमारे एका दिवसात पुरा झाला. त्यापूर्वी बोटीने जाणाऱ्यास दोन-तीन आठवडे समुद्रावर काढावे लागत. ह्या मार्गाचा शेवटचा टप्पा जिनिव्हा ते लंडन. तो सुमारे साडेसातशे किलोमीटर, म्हणजे लंडन ते पॅरिस ह्याच्या दुपटीहून किंचित अधिक. पुढे ह्याच मंडळीच्या एका विमानास मराठा प्रिन्सेस असे नाव दिले होते, हे वाचून आमच्या मुलांस अभिमान वाटेल.

जिनिव्हा नगर घड्याळांच्या कारागिरीसाठी जगभर नावाजलेले आहे. तेथील एक गोष्ट सांगतात. एकाने दुसऱ्यास किती वाजले असे विचारले. त्याने घड्याळाकडे न पाहता खिडकीबाहेर पाहिले, व अकरा वाजले असे सांगितले, कारण भारताचे विमान नुकतेच उतरले होते. गोष्ट खरी असो वा कोणी प्रेमाने रचलेली असो. घड्याळे करणाऱ्यांच्या गावी आपल्या देशाच्या विमानावरून वेळ ओळखावी, ह्याहून मोठा मान तो कोणता?

परंतु आकाशमार्ग हा नेहमीच मानाचा नसतो. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तीच मलबार प्रिन्सेस जिनिव्हास उतरण्याच्या वाटेवर असता आल्प्स पर्वतातील मों ब्लां ह्या शिखरावर आदळली, व तीतील ४८ माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक प्रवासी हे परदेशी बोटीवर कामास निघालेले आपल्या देशाचे खलाशी होते. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, कांचनजंगा नावाचे दुसरे विमान त्याच पर्वतावर आदळले. आपण शिखर ओलांडून पुढे आलो, अशी वैमानिकाची समजूत झाली होती. प्रत्यक्षात शिखर समोरच होते. थोड्याशा मैलांच्या त्या चुकीने ११७ जीव गेले. त्यांत जहांगीरजींचे स्नेही डॉ. होमी भाभा हेही होते. वर्गात अंतराचे गणित चुकले तर एक गुण कमी होतो. आकाशात चुकले तर काय होते, हे ह्या दोन प्रसंगांवरून कळेल. बिनचूकपणावर जहांगीरजी जो आग्रह धरीत, तो पुष्कळांस कडक वाटे. पण त्याच्यामागे ही जाणीव होती.

ते विमानातून प्रवास करू लागले म्हणजे हातात कागद घेऊन बसत. पडदा नीट लागत नाही, चहा-कॉफीची चव बिघडली आहे, एखादी जागा अस्वच्छ आहे, असे जे दिसेल ते टिपून घेत व त्या त्या अधिकाऱ्याकडे पाठवीत. दुसऱ्याकडून अपेक्षा करावयाची ती गोष्ट स्वतःच्या हाताने करून दाखविण्यात त्यांस कधी कमीपणा वाटला नाही.

१९५३ साली सरकारने कायदा करून सर्व विमानमंडळ्या आपल्या ताब्यात घेतल्या. जहांगीरजींस हा निर्णय रुचला नव्हता. ज्या रोपास एकवीस वर्षे पाणी घातले ते दुसऱ्याच्या अंगणात गेले. अशा वेळी रागावून दूर होणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. सरकारच्या विनंतीस मान देऊन परदेशी जाणाऱ्या विमानांच्या महामंडळाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले, व पंचवीस वर्षे ते काम विनावेतन केले. ह्याच काळात, १९६० साली, जेट विमाने आली आणि मुंबई-लंडन प्रवासाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर उतरला. १९७८ च्या फेब्रुवारी महिन्यात तत्कालीन सरकारने त्यांस ह्या पदावरून दूर केले. आपल्या हातांनी वाढविलेल्या संस्थेतून वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी असे बाहेर पडावे लागणे किती कठीण असेल, ह्याची कल्पना पालकवर्गास सहज येईल. त्यांनी गाऱ्हाणे गात दिवस काढले नाहीत.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या पहिल्या टपालाच्या उड्डाणास पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जहांगीरजी तसेच एक जुने, एकाच यंत्राचे विमान घेऊन कराचीहून निघाले व मुंबईस जुहू येथे सुखरूप उतरले. देशातील तरुणांच्या मनात निराशा वाढत आहे, त्यांस थोडा उत्साह यावा, हा त्या उड्डाणातील त्यांचा हेतू होता. विशीत जे साहस केले तेच उतारवयात पुन्हा करण्यास शरीराबरोबर मनही सुदृढ असावे लागते.

१९९२ साली राष्ट्राने त्यांस भारतरत्न हा सर्वोच्च किताब दिला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. त्यांचे दफन पॅरिसमध्ये झाले. ज्या नगरात जन्म, त्याच नगरात विश्रांती. आणि जेथे मृत्यू आला ते जिनिव्हा तेथून आकाशमार्गाने सुमारे ४०० किलोमीटर. ह्या दोन ठिकाणांमधले अंतर विमान थोड्याशा वेळात कापते. जहांगीरजींनी मात्र त्या दोहोंच्या मध्ये कराची, अहमदाबाद, मुंबई, मद्रास, कैरो व लंडन एवढी सारी नगरे एका सूत्रात ओवली. ज्या संस्थेचे बीज त्यांनी १९३२ साली पेरले, ती २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटा घराण्याकडे आली. ते पाहण्यास ते नव्हते.

आता समारोप करू. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी हा किनारा सोडून दूर जातील. कोणी मुंबईस, कोणी आखाती देशांत, कोणी युरोपातही जाईल. तुमची विमाने जहांगीरजींच्या पस मॉथहून कितीतरी वेगवान असतील. तथापि घरी वाट पाहणाऱ्या आईचा प्रश्न आगबोटीच्या काळी होता तोच राहील. म्हणून जहांगीरजींपासून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही की, दिलेली वेळ हा दिलेला शब्द आहे असे समजावे. पत्र लिहितो म्हटले त्या दिवशी पत्र लिहावे, येतो म्हटले त्या दिवशी यावे. दुसरी अशी की, वाटेत कोणी अस्पी अडकून पडलेला भेटला, तर आपले बक्षीस हुकेल ह्या भीतीने पुढे निघून जाऊ नये. आपल्या झोळीत जो जादा प्लग असेल तो त्यास द्यावा, आणि मग आपल्या वाटेस लागावे. एवढी बुद्धी तो दयाळू परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.